मलंगगडावर चार्ली सापडेल का?

प्रश्न : परवा नातवाबरोबर ‘आइसमन’ हा जुना इंग्रजी सिनेमा पाहिला. बर्फात गोठलेला चाळीस हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडतो आणि डॉक्टर त्याला जिवंत करतात, अशी गोष्ट. तेव्हापासून नातू माझ्या मागे लागला आहे. आमच्या गॅलरीतून मलंगगड दिसतो. त्याचं म्हणणं, तिथल्या एखाद्या कपारीत असा आदिमानव का सापडू नये? आणि सापडलाच तर त्याला उठवता येईल का? मी जन्मभर बँकेत आकडे जुळवले, विज्ञानाशी संबंध मॅट्रिकपर्यंतच. काय सांगू त्याला?
— एक आजोबा, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : नातवाने एका दमात दोन प्रश्न विचारलेत. सापडेल का, आणि उठवता येईल का. मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचं निम्मं उत्तर तुमच्या फ्रीजमध्ये आहे.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ‘आइसमन’ १९८४ सालचा. दिग्दर्शक ऑस्ट्रेलियाचे फ्रेड शेपिसी. बर्फाच्या लादीतून एक निअँडरथल मानव निघतो. चिरफाड करण्यासाठी लादी वितळवत असताना तो श्वास घेऊ लागतो. त्याचं नाव ठेवतात चार्ली, आणि त्याला एका बंदिस्त, खोट्या जंगलात सोडतात. डॉक्टरांना त्याच्या रक्तामांसात रस, गोठूनही न मरण्याची युक्ती त्यांना हवी आहे. टिमथी हटनने केलेल्या मानववंशशास्त्रज्ञाला मात्र त्याच्याशी बोलायचं आहे. चार्ली झालेला जॉन लोन पुढे तीनच वर्षांनी ‘द लास्ट एम्परर’मध्ये चीनचा शेवटचा सम्राट झाला. गुहेतून थेट सिंहासनावर! नटाला असे दोन टोकांचे योग क्वचितच येतात.

कल्पना आपल्याला नवी नाही. देवांसाठी लढून दमलेला मुचकुंद राजा वर म्हणून झोप मागून घेतो आणि युगानुयुगं गुहेत झोपून राहतो. कृष्णाचा पाठलाग करत आलेला कालयवन अंधारात त्यालाच कृष्ण समजून लाथ मारतो आणि त्याच्या नजरेने जळून जातो. मला गंमत वाटते ती त्यापुढची. मुचकुंद गुहेबाहेर येतो तर माणसं, जनावरं, झाडं सगळी खुजी झालेली. कलियुग लागलं, हे तो त्यावरून ओळखतो. सिनेमात आपण काचेआडून चार्लीकडे बघतो. भागवतात जागा झालेला माणूस आपल्याकडे बघतो, आणि त्याला आपण काही फार उंच वाटत नाही.

आता फ्रीज. कोथिंबिरीची जुडी चुकून खालच्या कप्प्याऐवजी फ्रीजरमध्ये गेली, की दुसऱ्या दिवशी काय होतं ते तुमच्या घरी सगळ्यांना ठाऊक असेल. बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत तिचा काळपट लगदा होतो आणि ओट्यावर हिरवं पाणी सुटतं. टोमॅटोचंही तेच. बाहेरून धडधाकट, बर्फ उतरला की सालीची पिशवी आणि आत पाणी. जिवंत पेशी म्हणजे मुख्यतः पाण्याने भरलेली पिशवी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि त्याचे अणकुचीदार स्फटिक होतात. आधी पेशींच्या बाहेरचं पाणी गोठतं, उरलेल्या पाण्यात क्षारांची तीव्रता वाढते, ते पेशीतलं पाणी शोषून घेतं. म्हणजे पेशी एकीकडून सुकते आणि दुसरीकडून भोसकली जाते. बर्फ उतरताना उरलेसुरले स्फटिक पुन्हा वाढतात, तो तिसरा घाव. चार्लीच्या शरीरात अशा लाखो कोटी पेशी आहेत. त्याचं हृदय धडधडायला लागलं असं क्षणभर धरलं, तरी ते धडधडणार कशात? कोथिंबिरीच्या लगद्यात.

यावर नातू लगेच विचारेल, की मग बर्फात बुडालेली माणसं वाचल्याच्या बातम्या येतात त्या काय? येतात, आणि खऱ्या असतात. १९९९ साली नॉर्वेत स्कीइंग करताना एक तरुण डॉक्टर ओढ्यावरच्या बर्फाखाली अडकली. तिच्या शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं, हृदय थांबलं होतं. तिला वाचवलं गेलं आणि ती पुन्हा कामावरही गेली. पण ती गार पडली होती, गोठली नव्हती. तिच्या अंगातलं पाणी पाणीच होतं. गार पडणं आणि गोठणं यात जमीनअस्मानाचं अंतर आहे, आणि सिनेमावाले नेमकं तेच अंतर उडी मारून ओलांडतात.

खरोखर गोठून उठणारे जीवही आहेत. उत्तर अमेरिकेत, अगदी अलास्कापर्यंत, एक छोटा रानबेडूक असतो. हिवाळ्यात त्याच्या अंगातलं निम्म्याहून अधिक पाणी गोठतं, हृदय बंद पडतं, हातात घेतलात तर दगडासारखा लागतो. वसंतात उड्या मारत निघून जातो. गोठायला लागताच त्याचं यकृत रक्तात साखर ओततं, इतकी की पेशींच्या आत पाक होतो. मुरांब्याला बुरशी न धरण्यामागे जी युक्ती, तिचीच ही लांबची बहीण म्हणा. पाक असलेल्या जागी स्फटिक सहज धरत नाहीत. सैबेरियात कोलिमा नदीकाठच्या कायम गोठलेल्या मातीतून काढलेले सूत्रकृमी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत जागे केले, त्याचा तपशील २०२३ साली प्रसिद्ध झाला. मातीचं वय सुमारे ४६ हजार वर्षं. म्हणजे चार्लीपेक्षाही सहा हजारांनी जास्त. ते कृमी उठले, खाऊ लागले, त्यांना पिलंही झाली. फक्त लांबी मिलिमीटरभर, आणि गोठण्याआधी अंग सुकवून घेण्याची सोय त्यांना जन्मजात. माणसाला ती नाही. आपण सुकलो की संपलो.

लहान आकार, पाक आणि वेग, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर गाईगुरांच्या, अगदी माणसाच्या बाबतीतही हे जमतं, आणि तुमच्या आसपास रोज जमतं आहे. मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या गोठ्यावर गाय भरवायला येणारा माणूस बघा. मोटरसायकलला मागे एक जाड झाकणाचा कॅन बांधलेला असतो. झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीकडे सांडते. आत द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. तो चिमट्याने बॉलपेनच्या कांडीहून बारीक अशी एक नळी काढतो, सदतीस अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतो, रुमालाने पुसतो आणि कामाला लागतो. त्या नळीतलं वळूचं रेत महिन्यापूर्वी गोठवलेलं असेल, नाहीतर दहा वर्षांपूर्वी. वळू कधीच मेलेला असू शकतो. १९४९ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्याच्या सहकाऱ्यांना ग्लिसरीन घातलं की शुक्राणू गोठूनही तगतात हे कळलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं. महाराष्ट्रात हे तंत्र खेडोपाडी नेण्यात मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला उभारलेल्या ‘बाएफ’चा वाटा मोठा. शेतकऱ्याला यात चमत्कार वाटत नाही. तो कांडी किती रुपयांची ते विचारतो.

माणसाच्या गर्भाचंही तसंच. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी गोठवून ठेवलेला गर्भ वापरला आणि ३ ऑक्टोबर १९७८ ला ‘दुर्गा’ जन्मली. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, चौकशी लागली, १९८१ साली त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. मान्यता मिळाली ती फार उशिरा. गोठलेल्या गर्भापासून जन्मलेलं म्हणून जगाने मान्य केलेलं पहिलं मूल ऑस्ट्रेलियात मेलबर्नला झालं, ते १९८४ साली. ‘आइसमन’चं साल आठवा! ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक पडद्यावर गोठलेला माणूस उठवत होता त्याच वर्षी त्याच्याच देशात एक खरोखरचा उठला. आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या वंध्यत्व उपचार केंद्रांत नायट्रोजनच्या टाक्या आहेत, त्यांत गर्भ ठेवलेले आहेत. अमेरिकेत २०२५ च्या जुलैत जन्मलेलं एक बाळ १९९४ साली गोठवलेल्या गर्भाचं होतं. नातवाला हे जरूर सांगा. तीस वर्षं गोठून उठलेला माणूस आज जगात आहे. फक्त गोठला तेव्हा तो टाचणीच्या डोक्याहून लहान होता.

आकार वाढला की सगळं बिघडतं. पाक आतपर्यंत पोचत नाही, बर्फ उतरवताना बाहेरचा भाग गरम आणि आतला गार राहून अवयवाला तडे जातात. २०२३ साली मिनेसोटा विद्यापीठात उंदराचं मूत्रपिंड शंभर दिवसांपर्यंत अशा थंडीत ठेवून, लोहाच्या सूक्ष्म कणांच्या मदतीने सगळीकडून एकदम गरम करून पुन्हा उंदरात बसवलं, आणि ते चाललं. विज्ञान इथवर आलं आहे: उंदराचं एक मूत्रपिंड, शंभर दिवस, आणि तेही आधीपासून ठरवून, पाक भरून. चार्लीला गोठण्याआधी कुणी पाक भरला नव्हता.

मेलेल्या पेशीतून काही निघतं का, हेही करून पाहिलंय. सैबेरियातल्या ‘युका’ नावाच्या २८ हजार वर्षांपूर्वीच्या मॅमथच्या स्नायूतली केंद्रकं जपानी शास्त्रज्ञांनी उंदराच्या अंड्यात घातली. २०१९ साली निष्कर्ष छापून आला. अंड्यातली यंत्रणा त्या जुन्या केंद्रकांभोवती जमली, विभाजनाची तयारी झाल्यासारखी दिसली आणि तिथेच सगळं थांबलं. जुन्या मोटारीला किल्ली लावावी, दिवे क्षणभर लुकलुकावेत आणि गाडी तिथेच राहावी, तसं.

म्हणजे उठवता येणार नाही. आता सापडेल का, याकडे वळू.

बर्फातला माणूस सापडतो, हे खरं आहे. १९ सप्टेंबर १९९१ ला ऑस्ट्रिया-इटली सीमेवर आल्प्समध्ये, ३,२१० मीटर उंचीवर, फिरायला गेलेल्या एका जर्मन जोडप्याला बर्फातून बाहेर आलेला मृतदेह दिसला. आधी वाटलं, एखादा अपघातात गेलेला गिर्यारोहक असेल. निघाला सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याला ओट्झी म्हणतात. अंगावर ६१ गोंदणखुणा, जवळ तांब्याची कुऱ्हाड, पोटात हरणाचं आणि रानबोकडाचं मांस, सोबत जुन्या जातीचा गहू. डाव्या खांद्यात बाणाचं टोक, म्हणजे खून. इटलीत बोल्झानोच्या संग्रहालयात त्याला उणे सहा अंशांवर ठेवलंय, सुकू नये म्हणून अधूनमधून त्याच्यावर शुद्ध पाणी फवारतात. ‘आइसमन’ सिनेमाने सात वर्षं आधीच त्याचं बारसं करून ठेवलं होतं म्हणायचं. मराठीत मात्र ‘हिममानव’ म्हटलं की अजून यतीच आठवतो.

मलंगगडाला ना हिम, ना हिमाची आशा. आपल्याकडे बर्फ पडला तो जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’ कथेत, मुंबईवर. शिवाय हा डोंगर आहे कशाचा ते बघा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाचे थर आहेत हे. डायनोसॉर संपत आले तेव्हाचा हा दगड. त्याच्या पोटात माणूस असायचं कारण नाही, असला तर त्याच्या अंगाखांद्यावर. आणि अंगाखांद्यावरचं काय होतं ते जुलैमध्ये गॅलरीतून बघताच तुम्ही. उन्हाळाभर भाजून निघालेल्या मातीवर चार महिने धो धो पाऊस. कोकणची आम्लधर्मी लाल माती आणि हे पाणी मिळून हाडं विरघळवून टाकतात. थंडी जपते, कोरडं वाळवंट जपतं. दमट उष्णता काही म्हणजे काही शिल्लक ठेवत नाही.

हरियाणातलं राखीगढी आपल्यापेक्षा कितीतरी कोरडं. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांच्या उत्खननात मिळालेल्या सांगाड्यांचे ६१ नमुने डीएनएसाठी तपासले. एकातून, फक्त एका स्त्रीच्या हाडातून, वाचण्याजोगा डीएनए मिळाला. २०१९ साली तो निष्कर्ष जगभर गाजला, पण मला त्यातला साठांचा आकडा जास्त बोलका वाटतो. ते साठ जण साडेचार हजार वर्षांत मुके झाले. चाळीस हजारांची गोष्टच सोडा.

भारतात खरोखर जुनी म्हणावी अशी मानवी कवटी एकच आहे. १९८२ च्या डिसेंबरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या हथनोऱ्याला, नर्मदेच्या काठच्या थरात ती मिळाली, तीही वरची वाटीच. ती नेमकी कुठल्या मानवाची यावर अजून वाद आहे. निअँडरथलचा एकही सांगाडा भारतात मिळालेला नाही. त्यांची वस्ती युरोपापासून सैबेरियातल्या अल्ताय डोंगरांपर्यंत माहीत आहे, इकडे नाही. तेव्हा मलंगगडावरचा आदिमानव चार्ली नसेल, तुमच्या-माझ्यासारखाच माणूस असेल. दाढी केली आणि शर्ट घातला तर डोंबिवली स्टेशनच्या फलाट क्रमांक पाचवर कुणी वळूनही बघणार नाही.

महाराष्ट्राला आपला माणूस हाडांपेक्षा हत्यारांतून जास्त भेटतो. मुंबईच्या आसपास अश्मयुगीन हत्यारं शोधायचं वेड टॉड नावाच्या एका नौदल अधिकाऱ्याला होतं. गेल्या शतकाच्या तिशीत त्याने कांदिवलीच्या थरांतून दगडी हत्यारं गोळा केली, किनाऱ्यालगत नखाएवढी सूक्ष्मास्त्रंही नोंदवली, आणि त्यावर लेख लिहिले. आज तिथे इमारती आहेत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीव रेघांचा एक तुकडा मिळाला, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग! पूर्ण माणूस भेटायला मात्र बरंच अलीकडे, तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या इनामगावात यावं लागतं. शिरूरजवळ घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं खोदकाम केलं. लहान मुलं दोन रांजणांची तोंडं जुळवून घरातल्या जमिनीखालीच पुरलेली. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. मेलेल्याने उठून चालत जाऊ नये, म्हणून, असा एक तर्क आहे. आपण मेलेल्याला उठवायच्या गोष्टी करतोय आणि त्यांनी उठूच नये म्हणून एवढी तजवीज केली होती.

ठाण्याच्या खाडीचं एक चित्र नातवाच्या डोळ्यांसमोर जरूर उभं करा. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगातलं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. ठाण्याची खाडी नव्हतीच, होती ती नुसती दरी. मुंबई बेट नव्हतं. किनारा शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला सरकलेला. त्या काळच्या कुणाला समुद्र बघायचा असता तर कल्याणहून निघून कितीतरी दिवस चालावं लागलं असतं. किनाऱ्यालगत राहणाऱ्या त्या माणसांच्या वस्त्या, चुली, थडगी असलीच, तर ती आज अरबी समुद्राच्या तळाशी, गाळाखाली. मलंगगडापेक्षा तिकडे शोधणं जास्त शहाणपणाचं, पण नातवाला होडी लागेल.

आता मी ज्यासाठी इतका वेळ दम धरून होतो ते सांगतो. चार्ली अख्खा कुठेच सापडणार नाही. तुकड्यातुकड्यांनी मात्र तो तुमच्या घरात आहे. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या डीएनएत एक ते दोन टक्के वारसा निअँडरथलांचा आहे. आपले पूर्वज इकडे येताना वाटेत त्यांच्याशी सोयरिकी करून आले. हे उकलणाऱ्या स्वांते पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. त्याआधी दोन वर्षं, कोविडच्या ऐन साथीत, पेबो आणि ह्युगो झेबर्ग यांनी दाखवून दिलं की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा, तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा निअँडरथलांकडून आलेला आहे. युरोपात तो सुमारे १६ टक्के लोकांत आढळतो, दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांत. २०२० आणि २०२१ मध्ये कल्याण-डोंबिवलीत ज्या घरांत ऑक्सिजनचं सिलिंडर मिळवायला धावपळ झाली, त्यांतल्या काही घरांत पन्नासेक हजार वर्षांपूर्वीची एक सोयरीकही आपलं काम करत होती. त्याच जोडीने पुढच्या वर्षी बाराव्या गुणसूत्रावर उलटा, थोडं संरक्षण देणारा निअँडरथल तुकडाही शोधला. आजोळकडून दमा आला आणि केसही दाट आले, तसं.

आणि २०२५ साली ‘सेल’ या नियतकालिकात आलेला अभ्यास बघा. भारतभरातल्या २,७६२ जणांचे जीनोम तपासले. प्रत्येकाकडे निअँडरथल तुकडे थोडेच, पण प्रत्येकाकडे वेगवेगळे. सगळे गोळा करून शेजारी शेजारी ठेवले तर निअँडरथल जीनोमचा जवळजवळ अर्धा भाग भारतीयांतून जुळवता येतो. पितळेची जुनी भांडी भावंडांत वाटली जातात, कुणाकडे तांब्या, कुणाकडे परात, आणि गणपतीला सगळे जमले की अर्धा संसार पुन्हा मांडता येतो, तसं काहीसं. सकाळच्या डोंबिवली लोकलच्या एका डब्यात असे किती तांब्या-पराती असतील, हे बँकेत आकडे जुळवलेल्या माणसाने मोजायला हरकत नाही.

एक विनंती मात्र. नातवाशी बोलताना ‘आदिमानव’ आणि ‘आदिवासी’ हे शब्द एकमेकांच्या जवळ येऊ देऊ नका. चांगली शिकलेली माणसंही कातकऱ्यांना, वारल्यांना ‘अश्मयुगात राहिलेले’ म्हणतात. ते आपल्याइतकेच आजचे आहेत. त्यांच्याही पूर्वजांना तेवढीच हजारो वर्षं लोटली जेवढी आपल्याला. जिवंत माणसाला नमुना समजलं की काय होतं ते १९११ साली कॅलिफोर्नियात दिसलं. ‘याही’ नावाच्या जमातीतला, आपल्या लोकांत एकटाच उरलेला एक माणूस डोंगरातून गावात आला. त्याला ‘इशी’ म्हणू लागले. इशी म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं ‘माणूस’. विद्यापीठाच्या संग्रहालयातच त्याला राहायला जागा दिली, लोक त्याला बघायला येत. १९१६ साली तो क्षयाने गेला. त्याचा मेंदू काढून दुसऱ्या संस्थेकडे पाठवून दिला होता, तो २००० साली परत आला. चार्लीचं खोटं जंगल पाहताना मला इशीच आठवत होता. चार्ली खरा असता तर त्यालाही आधी आपल्याच एखाद्या रोगाने गाठलं असतं.

खाण्याचं राहिलं. मलंगगडावरच्या त्या आदिमानवाला वडापाव दिला असता तर? बटाटा आणि मिरची अमेरिकेतून आलेली, दोन्ही पोर्तुगिजांनंतरची, पावही त्यांचाच. त्याला वडापावात ओळखीचं काहीच नाही. पण जूनच्या पहिल्या पावसात कल्याण स्टेशनबाहेर फुटपाथवर टोपलीत शेवळं घेऊन बसलेल्या बाईसमोर तो थबकला असता, असं मला वाटतं. शेवळं नीट न शिजवता खाल्ली तर घसा खाजून जीव जातो, आत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. म्हणून ती बाई शेवळांबरोबर मूठभर आंबट काकडंही बांधून देते. सुयांवर आंबटाचा उतारा. हे कुणालातरी पहिल्यांदा कळलं असणार, घसा खाजवून घेऊन.

प्रश्न : अमेरिकेत दहा हजार वर्षांपूर्वी नष्ट झालेला लांडगा परत आणला म्हणे. मग आदिमानव का नाही आणता येणार?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लांडगा परत आणलेला नाही. ‘कोलोसल’ कंपनीने २०२५ च्या एप्रिलमध्ये जे जाहीर केलं ते असं: आजच्याच करड्या लांडग्याच्या पेशीत १४ जनुकांत मिळून २० बदल केले आणि कुत्रीच्या पोटी पिल्लं जन्माला घातली. जुन्या लांडग्यासारखी दिसतात, एवढंच. माणसाच्या बाबतीत असं करायला बाई लागेल, नऊ महिने लागतील, आणि जन्माला येणाऱ्या त्या एकट्या मुलाला विचारायची सोय नसेल. चीनमध्ये २०१८ साली जनुकं बदललेल्या बाळांची घोषणा करणारा संशोधक तुरुंगात गेला. भारतात अशा प्रकारे मूल जन्माला घालायला परवानगी नाही. माझ्या मते ती नसावीच.

ता. क. (डोंबिवलीच्या आजोबांसाठी) : पाऊस ओसरला की नातवाला घेऊन मलंगगडाच्या पायथ्याशी जा, पण नजर कपारींकडे नको, जमिनीकडे असू द्या. लाव्हाच्या पोकळ्यांत साठलेल्या गारगोटीचे, अकिकाचे गुळगुळीत तुकडे ओढ्याच्या काठी मिळतात. हत्यारं बनवायला माणसाने हाच दगड वापरला. माणसाने ठोकून काढलेल्या कपचीला एका टोकाला ठोक्याची सपाट जागा असते, तिच्या लगेच खाली छोटा फुगवटा, आणि तिथून पुढे पाण्यात खडा टाकल्यासारख्या लाटा. पाठीवर आधीच्या कपच्या निघाल्याचे खड्डे असतात. नुसत्या फुटलेल्या दगडात हे सगळं एकत्र सहसा येत नाही. असं काही दिसेलच याची हमी नाही. रुळांच्या कडेला शोधू नका, तिथली काळी खडी क्रशरमधून निघालेली असते, एका फलाटाच्या लांबीत नातवाला हजार हत्यारं ‘सापडतील’. आणि खरंच काही दिसलं तर उचलू नका. बाजूला नाणं ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. जागेवरून हललेला दगड त्यांच्या काही कामाचा नसतो.